१९८१ चा बेसिक सेट आणि दहापैकी तीन गुण: सांगलीतल्या एका परीक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबागेकडे टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र (कॅरेक्टर) होऊन खेळायचे कथाखेळ, खेळणारा एक छोटा गट आहे. पाच-सहा जण नियमित, बाकीचे येऊन-जाऊन. बहुतेकांचा हात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी) पाचव्या आवृत्तीवर, म्हणजे २०१४ च्या नियमांवर बसलेला. गट दर तिमाहीला पीडीएफ स्वरूपात एक मराठी अंक काढतो आणि त्यात खेळांची परीक्षणं छापतो. दिवाळी अंकात जुन्या खेळांचा विभाग करायचं ठरलं आणि सुरुवातीला निवडला गेला १९८१ चा डी अँड डी बेसिक सेट. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. माणसांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे.

हा बेसिक सेट टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेला. खोक्यात ६४ पानांचं नियमपुस्तक, गॅरी गायगॅक्स यांचं ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे साहस, म्हणजे खेळायला तयार कथानक (बी-२), फासे आणि फाशांवरचे आकडे भरायला मेणाचा खडू. नियम फक्त पहिल्या ते तिसऱ्या लेव्हलपर्यंतचे, म्हणजे कॅरेक्टरच्या प्रगतीच्या पहिल्या तीन पायऱ्यांपुरते. मूळ खोका गटात कुणाकडेच नव्हता; नियमपुस्तक आणि साहस दोन्हींच्या पीडीएफ रीतसर विकत घेतल्या होत्या.

परीक्षण लिहायचं काम ज्याच्याकडे होतं, त्यानेच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि मॉन्स्टरांची बाजू सांभाळणारा) म्हणून खेळ चालवला. पुढच्या गुंत्याचं एक मूळ इथेच आहे.

अडचण

पहिला मसुदा कडक होता. दहापैकी तीन गुण. आक्षेप असे: पहिल्याच सेशनमध्ये चारही कॅरेक्टर मेली, मॅजिक-यूझरला (जादूगाराला) दिवसाला एकच स्पेल (मंत्र), थीफ (चोर) कुचकामी, आर्मर क्लास (संरक्षणाचा आकडा) उलटा, म्हणजे आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, एका गॉब्लिनमागे (हा एक छोटा मॉन्स्टर) ५ एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळत असताना फायटरला (लढवय्याला) दुसऱ्या लेव्हलसाठी २००० लागतात, म्हणजे लेव्हल कधी वाढणार, बायकांच्या कॅरेक्टरना ताकदीची मर्यादा, आणि भारतीय देवांना हिट पॉइंट्स (किती मार सोसता येतो तो आकडा) देण्याचा प्रकार.

गटात पन्नाशी ओलांडलेले एक सभासद आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. नोकरीच्या निमित्ताने परदेशात असताना ते हा खेळ बरीच वर्षं खेळले होते. मसुदा वाचून ते दुखावले. “अरे, आम्ही कितीतरी रात्री हे खेळलो. असं कुणी पटापट मरत नव्हतं,” असं म्हणून त्यांनी स्वतःचा लेख लिहून दिला. त्यात नऊ गुण.

अंकाच्या संपादिकेसमोर आता एकाच पुस्तकावरचे दोन लेख होते, एकात तीन आणि दुसऱ्यात नऊ. मत कुणाचं बरोबर, हा वाद तिने बाजूला ठेवला. दोन्ही लेखांतलं प्रत्येक विधान घेऊन त्याच्यापुढे नियमपुस्तकाचा पान क्रमांक लिहायला बसली. दोन्ही लेखांतल्या काही विधानांना पानच सापडेना.

मसुद्यातले शेवटचे दोन आक्षेप या खोक्याचे नव्हतेच. स्त्री कॅरेक्टरची ताकद कमी ठेवणारा तक्ता १९७८ च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या प्लेअर्स हँडबुकमधला. त्यात मानवी स्त्रीसाठी कमाल १८/५० आणि पुरुषासाठी १८/०० (इथे ०० म्हणजे शंभर) असं लिहिलं आहे. देवांचे हिट पॉइंट्स १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मधले. बेसिक आणि ॲडव्हान्स्ड या टीएसआर कंपनीने समांतर चालवलेल्या दोन वेगळ्या मालिका होत्या. ‘जुनं डी अँड डी’ असं एकच गाठोडं बांधलं की एका पुस्तकाचं पाप दुसऱ्याच्या माथी बसतं.

काकांच्या लेखाचंही तसंच झालं. पहिल्या लेव्हलला पूर्ण हिट पॉइंट्स आणि उणे दहापर्यंत जीव शिल्लक, हे दोन नियम ते गृहीत धरून चालले होते. बेसिकमध्ये हिट पॉइंट्स फासा टाकून ठरतात आणि शून्यावर कॅरेक्टर मरतं. उणे दहाचा नियम १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमधला. “काका, तुमच्या आठवणीतला खेळ आणि या पुस्तकातला खेळ वेगळा निघतोय,” असं संपादिकेने सांगितलं तेव्हा त्यांनी पुस्तक मागून घेतलं, दोन दिवस ठेवलं आणि ते मान्य केलं.

तरी चार कॅरेक्टर मेली त्याचं काय? ती तर याच पुस्तकाच्या नियमांनी मेली होती. सेशनची नोंद पाहिल्यावर कळलं की डीएमने पाचव्या आवृत्तीच्या सवयीने बरेच नियम न वापरता सोडून दिले होते. मॉन्स्टर दिसताक्षणी हल्ला करत होते आणि शेवटचा मरेपर्यंत लढत होते. वेळेचा हिशेब नव्हता. एक्सपी फक्त मारल्याबद्दल मिळत होते. आणि साहस सहा ते नऊ कॅरेक्टरसाठी लिहिलेलं असताना आत उतरली चार, तीही भाड्याच्या सोबत्यांशिवाय.

या गाळलेल्या नियमांचं वजन किती, हे आकडेच सांगतात. मॅजिक-यूझरचे हिट पॉइंट्स डी४ वर, म्हणजे चार बाजूंच्या फाशावर ठरतात आणि चिलखत नसल्याने त्याचा आर्मर क्लास ९. गॉब्लिनला त्याच्यावर वार लागायला डी२० वर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे ५५ टक्के. डॅमेज डी६. कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या कणखरपणाचा) फरक सोडला तर एकाच वारात मरण्याची शक्यता सरासरी ४१ टक्के येते. हे खरंच भयंकर आहे, आणि पुस्तक ते लपवत नाही. पुस्तकातल्या नमुना संवादात ब्लॅक डूगल नावाचा थीफ विषारी सुईने सरळ मरून पडतो.

पण तेच पुस्तक लढाई टाळायची साधनंही देतं. मॉन्स्टर भेटल्यावर दोन डी६ टाकून त्यांची प्रतिक्रिया ठरते. तत्काळ हल्ला फक्त २ आल्यावर, म्हणजे छत्तीसात एकदा. ३ ते ५ ला वैर, ६ ते ८ ला संभ्रम, त्यापुढे वाटाघाटीला जागा आणि १२ ला चक्क मैत्री. लढाई झालीच तर मोराल, म्हणजे मॉन्स्टरांचं धैर्य: पहिला साथीदार पडल्यावर एकदा आणि निम्मे पडल्यावर पुन्हा एकदा दोन डी६ टाकायचे. बेरीज मोरालपेक्षा जास्त आली की ते पळतात किंवा शरण येतात. गॉब्लिनचं मोराल ७. एका चाचणीत माघार घेण्याची शक्यता ४२ टक्के. दोन्ही चाचण्यांतून टिकून शेवटपर्यंत लढण्याची जेमतेम ३४. म्हणजे तीनपैकी दोन लढाया अर्ध्यावरच मोडतात. हे दोन नियम काढून घेतले की उरतो तो कत्तलखाना, आणि परीक्षण त्याचंच झालं होतं.

समोरचे पर्याय

एक पर्याय होता मसुद्यातल्या चुका काढून वर ‘त्या काळच्या मानाने’ अशी ओळ टाकायची. डी अँड डीची सध्याची प्रकाशक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०२० मध्ये आपल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीपानांवर अशाच अर्थाची सूचना लावली. प्रकाशकाला ती सोयीची आहे, कारण ती हजार पुस्तकांना एकदम लागू पडते. परीक्षकाचं काम नेमकं उलटं, कोणत्या पानावर काय आहे ते दाखवायचं. म्हणून हा पर्याय सोडला, आणि ते योग्यच झालं.

दुसरा, दोन्ही लेख समोरासमोर छापायचे. वाचकाला वाद आवडतो आणि संपादकाचे कष्ट वाचतात. पण दोन्ही लेख ज्या खेळाबद्दल होते तो खोक्यात नव्हताच.

तिसरा पर्याय बरा वाटत होता: २०१९ ची ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स घेऊन खेळायचं. तिच्यात १९८१ चेच नियम नव्याने, सुटसुटीत मांडले आहेत. मात्र मग जुन्या पुस्तकाची मांडणी, उदाहरणं, भाषा यांबद्दल बोलायचा हक्क जातो. टेबलावर चटकन नियम शोधायला ती ठेवावी आणि परीक्षण मूळ पुस्तकाचंच करावं, असं ठरलं.

चौथा, नियम जसे छापले आहेत तसे चालवून पुन्हा खेळायचं. यात दिवाळी अंक हातचा जाणार हे उघड होतं. संपादिका हौशी रंगभूमीवर काम केलेली. ती म्हणाली, संगीत नाटकातली पदं कापून प्रयोग लावायचा आणि मग नाटक कोरडं आहे म्हणून लिहायचं, हे नाट्यपंढरीत तरी कुणी खपवून घेणार नाही. चौथा पर्याय मंजूर झाला.

काय केलं

आधी भूमिका बदलल्या. परीक्षक खेळाडू झाला आणि डीएमची जागा दुसऱ्याने घेतली. मिरजेहून एक नवी मुलगी आली, जिने कुठलीच आरपीजी खेळली नव्हती. तिला मुद्दाम बोलावलं होतं, कारण जिला सवय नाही तिला सवयीची अडचणही होत नाही. चार खेळाडू, प्रत्येकाकडे दोन कॅरेक्टर, असा आठांचा चमू झाला.

मग नियमांची वही. तीन रकाने: नियम, पान, आणि टेबलावर त्याचं काय झालं (वापरला, गाळला की बदलला). ऐच्छिक नियमांबाबत निर्णय खेळायच्या आधी लिहून ठेवले. या पुस्तकात मोराल ऐच्छिक आहे. ते चालू ठेवलं, कारण प्रत्येक मॉन्स्टरच्या वर्णनात मोरालचा आकडा छापलेला आहे. शस्त्रागणिक वेगळं डॅमेज हेही ऐच्छिक. ते बंद ठेवून सगळ्या शस्त्रांना मूळ नियमाप्रमाणे डी६ दिला. कुणी उलटं ठरवलं तरी हरकत नाही, फक्त परीक्षणात ते सांगायला हवं.

वेळेसाठी डीएमच्या हाताशी चौकटींचा एक कागद होता. एक चौकट म्हणजे दहा मिनिटांचा एक टर्न. दर दुसऱ्या चौकटीला डी६ टाकायचा, १ आला की भटकते मॉन्स्टर. सहा चौकटी भरल्या की मशाल विझते, आणि सहांपैकी एक टर्न विश्रांतीचा. हा कागद नसेल तर नियम वाचून काही उपयोग नाही. डोक्यात ठेवू म्हणणारा डीएम अर्ध्या तासात विसरतो. कागद आल्याबरोबर खेळाडूंचं बोलणंच बदललं. “हा दरवाजा शोधायला अजून एक टर्न घालवायचा का?” हा प्रश्न पहिल्या फेरीत कुणी विचारलाच नव्हता.

मध्ये कृष्णेचं पाणी चढल्यामुळे दोन आठवडे खंड पडला. त्यानंतरची सेशन सलग झाली.

दुसऱ्या फेरीतला एक प्रसंग परीक्षणात सविस्तर गेला. गॉब्लिनांच्या गुहेत पहारेकरी भेटले. प्रतिक्रियेच्या फाशांवर ८ आले, म्हणजे संभ्रम. मिरजेच्या मुलीने तलवार उपसायच्या ऐवजी नाणी पुढे केली आणि शेजारी कोण राहतं ते विचारलं. साहसातच लिहिलंय की हे गॉब्लिन अडचणीत आले की शेजारच्या ओगरला (धिप्पाड मॉन्स्टरला) सोन्याची थैली देऊन मदतीला बोलावतात. चमूने ती थैलीच लांबवायचा बेत केला आणि एक फायटर गमावून का होईना, तडीस नेला. २५० सोन्याची नाणी बाहेर आणली. एका नाण्याला एक एक्सपी, वाचलेल्या सातांत प्रत्येकी ३५. सहा गॉब्लिन मारले असते तर सगळ्यांत मिळून ३०. हा हिशेब वहीत मांडल्यावर लेव्हल वाढत नाही हा आक्षेप परीक्षकाने स्वतःहून खोडला. पुस्तक बक्षीस देतं ते खजिना बाहेर काढण्याला. मारामारी हा त्यातला महागडा मार्ग.

यानंतर सगळे आक्षेप चाळून वेगळे केले. काही गाळलेल्या नियमांमुळे आले होते, ते बाद. काही निव्वळ सवयीचे होते. उलटा आर्मर क्लास त्यातला. तक्ता पाहावा लागतो हे खरं, पण नव्या मुलीला तो पहिल्या तासातच जमला. अडखळत होते ते जुने खेळाडू. असा मुद्दा परीक्षणात लिहावा, पण दोष म्हणून मोजू नये.

आणि काही दोष खरोखरचे निघाले. पहिल्या लेव्हलचा थीफ सापळा शोधण्यात १० टक्के आणि कुलूप उघडण्यात १५ टक्के यशस्वी होतो, हिट पॉइंट्स डी४. ज्या कामासाठी त्याला सोबत घ्यायचं तेच काम तो दहात आठ-नऊदा चुकतो. भिंत चढण्यात तो ८७ टक्के पटाईत आहे, पण गुहांत चढायला भिंती किती! सगळे नियम चालू ठेवूनही हे सुधारलं नाही. जुन्या खेळाला न्याय द्यायचा म्हणजे हे झाकायचं असं नव्हे.

मूल्यांच्या प्रश्नांवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. ‘तेव्हा सगळे असंच लिहायचे’ हा बचाव दर वेळी पुढे येतो, म्हणून त्याच काळातल्या पुस्तकांशी तो ताडून पाहिला. प्लेअर्स हँडबुकातली स्त्रियांची मर्यादा १९७८ ची. अवघ्या तीन वर्षांनी त्याच कंपनीच्या बेसिकमध्ये अशी मर्यादा नाही, उलट कॅरेक्टर शीटचा नमुना म्हणून मॉर्गन आयर्नवुल्फ ही स्त्री फायटर दिली आहे. म्हणजे वेगळं लिहिणं तेव्हाही शक्य होतं, आणि काळाकडे बोट दाखवून सुटका होत नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा गेली.

या खोक्यातला स्वतःचा प्रश्न वेगळा आहे. बी-२ मधल्या काही गुहांत मॉन्स्टरांच्या माद्या आणि पिल्लंही मोजून दिली आहेत. लढाई संपल्यावर त्यांचं काय करायचं, हे साहस डीएमवर सोडतं. टेबलावर हा प्रसंग आला तेव्हा खेळ थांबला आणि बराच वेळ कुणाला पुढे जावंसं वाटेना. परीक्षणात तो जसा घडला तसा दिला, सोबत डीएमसाठी सूचना: सुरू करण्याआधी गटाशी बोला आणि त्या खोल्या रिकाम्या ठेवायच्या की नाही ते ठरवा.

देवांचा मुद्दा बेसिकच्या परीक्षणातून काढून स्वतंत्र टिपणात गेला. काकांना तो नकोच होता. परीक्षकाचं म्हणणं, मराठी वाचकासाठी लिहिताना हे टाळलं तर आणखी कोण लिहिणार? ते रास्त होतं. इंद्र, अग्नी, काली यांना आर्मर क्लास आणि हिट पॉइंट्स देणारं १९८० चं पुस्तक ग्रीक आणि नॉर्स देवांनाही तेच करतं, हे टिपणात नमूद झालं. त्याचबरोबर हेही की झ्यूसची पूजा आज घरोघरी होत नाही, कालीची होते. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला वाघाच्या तोंडाचा राक्षस, जो मंतरलेल्या क्रॉसबो बोल्टने मरतो, त्याचाही त्यात समावेश झाला. रावण, बिभीषण, हिडिंबा ऐकत वाढलेल्या वाचकाला त्यात ओळखीचं काहीच सापडत नाही.

निष्पत्ती

परीक्षण दिवाळी अंकात आलं नाही, पुढच्या अंकात आलं. एकच गुणसंख्या देणं गटाने सोडलं. त्याऐवजी तीन वेगळी उत्तरं छापली: पुस्तक जे करायला निघालं होतं ते त्याने किती साधलं, आज, या वर्षी, नव्या गटाने टेबलावर आणलं तर काय मिळेल आणि काय खटकेल, आणि आतलं काय आज तसंच्या तसं वापरू नये. पहिल्याचं उत्तर भरघोस चांगलं. दुसऱ्याचं अटींसह: सहाहून जास्त कॅरेक्टर, वेळेचा कागद, प्रतिक्रिया आणि मोराल चालू. तिसऱ्यात बी-२ मधल्या त्या खोल्या, आणि त्याच साहसातल्या गढीतली (कीप) माणसं नावाविना नुसत्या हुद्द्यांनी येतात म्हणून डीएमने आधी नावं तयार ठेवावीत ही सूचना. गाळलेल्या-बदललेल्या नियमांची वही परीक्षणाखाली जशीच्या तशी छापली.

साताऱ्यातल्या एका गटाने ती वही घेऊन तोच सेट खेळून पाहिला आणि कळवलं की मोराल चालू असूनही त्यांचे चारपैकी तीन जण मेले. चारच कॅरेक्टर घेऊन गेले होते. हे पुढच्या अंकात पुरवणी म्हणून आलं, आणि मोरालपेक्षा कॅरेक्टरची संख्या जास्त निर्णायक असावी अशी शंका त्यात नोंदवली. थीफबद्दल काका अजूनही सहमत नाहीत. फाशांवर विसंबायचंच नसतं, काठीने जमीन ठोकत, डीएमला प्रश्न विचारत सापळे शोधायचे असतात, असं त्यांचं म्हणणं. पण ते तर कुठलंही कॅरेक्टर करू शकतं, मग थीफ कशाला, हे परीक्षकाचं उत्तर.

वेगळं काय करता आलं असतं

पान क्रमांकांची पडताळणी दोन लेख समोर आल्यावर झाली. ती पहिल्या सेशनच्या आधी व्हायला हवी होती. ६४ पानं वाचायला एक संध्याकाळ पुरते, आणि तेवढ्यात निम्मे आक्षेप जागीच मिटले असते. डीएम आणि परीक्षक एकच ठेवणं हाही टाळण्यासारखा निर्णय होता. जो नियम चालवतो त्याला आपण काय गाळलं ते दिसत नाही, ते खेळाडूला दिसतं.

काकांच्या आठवणींचा उपयोग उशिरा झाला. त्यांच्याकडून मत मागण्याऐवजी सुरुवातीलाच ‘तुम्ही टेबलावर नेमकं काय करायचात?’ असं विचारलं असतं तर भाड्याचे सोबती, दहा फुटी काठी, नकाशा काढणारा खेळाडू या गोष्टी पहिल्याच फेरीत आल्या असत्या.

सगळ्यात मोठी उणीव मात्र राहूनच गेली. दोन्ही फेऱ्यांत साहस एकच होतं. बी-२ चे गुण-दोष आणि नियमपुस्तकाचे गुण-दोष परीक्षणात काही ठिकाणी एकमेकांत मिसळले आहेत. थीफबद्दलचा निष्कर्ष तर नक्कीच, कारण या गुहांत चढण्याजोगं फारसं काही नाही. डीएमने स्वतः आखलेला, उंच भिंती आणि कुलूपबंद खोल्या असलेला एखादा छोटा वाडा त्याच नियमांनी चालवून पाहिला असता तर तो मुद्दा पक्का झाला असता, किंवा मागे घ्यावा लागला असता.